मोठ्या सरकारी रुग्णालयात भरती व्हायचंय? दारापासून डिस्चार्जपर्यंत

गावाकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, ‘पुण्याला ससूनला न्या’ किंवा ‘मुंबईला के.ई.एम.ला दाखवा’ असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो आणि दुसरा ओळखीचा. ‘तिथं आपलं कोण आहे?’ ओळख असली तर बरंच, पण ती नाही म्हणून उपचार अडत नाहीत. अडतं ते भलत्याच गोष्टींवर. कागद सापडत नाही, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो, नेमकं डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी जवळचं माणूस चहाला गेलेलं असतं. मी परळ भागात राहतो, त्यामुळे गावाकडून कोणी उपचाराला आलं की त्यांच्यासोबत वॉर्डात थांबायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हे सगळं रुग्णाइतकंच त्याच्याजवळ थांबणाऱ्यासाठीही लिहितोय, कारण सरकारी वॉर्डात निम्मी धावपळ त्यालाच करायची असते.

निघण्याआधी

सगळ्यात आधी कागद. आधार कार्ड, रेशन कार्ड (मूळ प्रत आणि चार-पाच झेरॉक्स), जुने रिपोर्ट, एक्स-रे, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी. सगळं एका चेनच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा. नवा कागद वर, जुना खाली. हे फोल्डर एकाच माणसाच्या हातात राहू द्या. भाऊ, जावई आणि पुतण्या यांच्या तीन पिशव्यांत कागद वाटले गेले की ऐन वेळी हवा तो रिपोर्ट गावाला गेलेल्या पिशवीत असतो.

रुग्ण घेत असलेल्या गोळ्या नुसत्या नावांनी सांगू नका, पाकिटं सोबत आणा. ‘बीपीची पांढरी छोटी गोळी’ यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, पूर्वी भूल देताना काही त्रास झाला असेल, तर ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. वैदूचं किंवा झाडपाल्याचं औषध चालू असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लोक ते लपवतात, आणि मग यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रिपोर्ट का बिघडले याचा शोध चुकीच्या जागी सुरू होतो.

सामानात ताट, वाटी, पेला, चमचा, पाण्याची बाटली, दोन चादरी, खाली अंथरायला सतरंजी किंवा प्लास्टिकची चटई, साबण, छोटी बादली, न घसरणाऱ्या चपला, चार्जर आणि पेन घ्या. पेन विसरू नका, दिवसातून दहा वेळा लागतं. सोनं घरी ठेवा. फोन उशाखाली ठेवून झोपू नका, वॉर्डात बाहेरच्यांची ये-जा रात्रीही चालू असते.

ओपीडी की कॅज्युअल्टी?

चालत येऊ शकणारा, दुखणं जुनं असलेला रुग्ण ओपीडीत जातो. छातीत दुखणं, श्वास लागणं, अपघात, अर्धांगवायू, साप चावणं, रक्तस्राव, बेशुद्धी यांसाठी थेट कॅज्युअल्टी, म्हणजे अपघात विभाग. तिथे आधी उपचार आणि मग केसपेपर. अपघाताचा किंवा मारहाणीचा रुग्ण असेल तर पोलीस केस होते आणि पोलीस जबाब घेतात, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे स्पष्ट केलं आहे, आणि ते खासगी डॉक्टरांनाही लागू आहे.

ओपीडीचं गणित मात्र वेगळं आहे. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात प्रत्येक विभागाची युनिटं, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. सोमवारी एका युनिटला दाखवलंत, तर पुढच्या वेळीही त्याच युनिटच्या वारी या. गुरुवारी आलात तर समोर दुसरेच डॉक्टर असतील आणि ते तुम्हाला परत सोमवारी पाठवतील. केसपेपरवर युनिटचं नाव किंवा नंबर लिहिलेला असतो. तो वार कोणता हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत टिपून ठेवा. रांग सकाळी लवकर लागते, म्हणून गावाहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच शहरात पोचलेलं बरं.

या रुग्णालयांच्या इमारती जुन्या आहेत. जे.जे. १८४५ चं, ससून १८६७ चं, के.ई.एम. १९२६ चं. गरजेप्रमाणे एकेक इमारत वाढत गेली, त्यामुळे एक्स-रे एका टोकाला आणि रक्ताची लॅब दुसऱ्या टोकाला असं होतं. रस्ता विचारायचा तर सिक्युरिटीच्या माणसाला किंवा युनिफॉर्ममधल्या कर्मचाऱ्याला विचारा. गेटवर आपणहून येऊन ‘इथं नंबर लागणार नाही, मी चांगल्या हॉस्पिटलात नेतो’ म्हणणारा एजंट असतो. त्याच्याशी बोलत थांबूच नका.

वॉर्डात कोण काय करतं

भरती झाल्यावर पहिले दोन दिवस गोंधळाचे जातात, कारण पांढऱ्या कोटातली बरीच माणसं येतात, प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, आणि नेमकं कोणाचं ऐकायचं ते कळत नाही. तेच तेच विचारतात म्हणजे त्यांना काही माहीत नाही, असं समजू नका. इंटर्न (शिकाऊ डॉक्टर), पहिल्या वर्षाचा रेसिडेंट (डॉक्टर होऊन पुढचं शिक्षण घेणारा), वरिष्ठ रेसिडेंट आणि मग युनिटचे सर किंवा मॅडम अशी उतरंड असते, आणि प्रत्येकाने रुग्णाला स्वतः तपासायचं ही शिस्त आहे. प्रत्येकाला तेच उत्तर द्या. चौथ्याला कंटाळून ‘सांगितलं ना मघाशी’ म्हणालात, तर पहिल्यांदा सुटलेली गोष्ट चौथ्यांदा बाहेर यायची संधी जाते.

रोजच्या कामासाठी तुमचा माणूस म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. रक्त तोच घेतो, फॉर्म तोच लिहितो, सरांनी राउंडला सांगितलेलं सगळं तोच करतो. तो कदाचित आदल्या सकाळपासून ड्युटीवर असेल. त्याचं आडनाव विचारून घ्या आणि सकाळी एकदा शांतपणे तीन गोष्टी विचारा: आज काय होणार आहे, कुठला रिपोर्ट यायचा आहे, आम्हाला काय आणायचं आहे. दिवसभर मागे फिरण्यापेक्षा यानं जास्त कळतं. हल्ली बरेच रेसिडेंट दुसऱ्या राज्यांतून आलेले असतात आणि त्यांना मराठी नीट कळत नाही. आजींनी ‘कळ येतेय’, ‘मळमळतंय’, ‘हातपाय गळाल्यासारखे झालेत’ असं सांगितलं, तर शेजारी उभ्या सिस्टरना बोलवून ते नीट पोचवा. या तीन तक्रारींचा अर्थ डॉक्टरांसाठी तीन वेगळ्या दिशांचा असतो.

औषधं, इंजेक्शनं, सलाईन, बीपी, ताप हे सगळं सिस्टरांकडे. त्यांच्या तीन पाळ्या असतात: सकाळ, दुपार, रात्र. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक बेडची माहिती देते, त्या वेळी मधे बोलू नका. तक्रार असेल तर इन्चार्ज सिस्टरांशी बोला, वॉर्ड त्यांच्या शब्दावर चालतो. ट्रॉली किंवा व्हीलचेअर ढकलणारे, ऑक्सिजनचं सिलिंडर आणणारे ते मामा, आणि बेडपॅन, साफसफाई बघणाऱ्या त्या मावशी. ‘ए वॉर्डबॉय’ अशी हाक कुणालाच आवडत नाही. मामा-मावशी म्हणून बोललात तर एक्स-रेला न्यायला ट्रॉली वेळेवर मिळते. पैसे देऊ नका. ज्याची पावती मिळत नाही असा कुठलाही पैसा सरकारी रुग्णालयात द्यायचा नसतो.

युनिटच्या मुख्य डॉक्टरांचा राउंड ठरावीक दिवशी सकाळी असतो. तो वार आणि वेळ विचारून ठेवा. राउंडच्या वेळी बहुतेक नातेवाइकांना बाहेर काढतात, पण राउंड संपल्यावर दारापाशी थांबलात तर सर दोन मिनिटं बोलतात. घरातून बोलणारा माणूस एकच ठरवा. सकाळी मुलगा, दुपारी जावई, संध्याकाळी मामा असे तिघं तेच विचारून गेले की चौथ्याला उत्तर तुटक मिळतं, आणि घरी प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

रक्ताचे बल्ब आणि फॉर्म

बऱ्याच सरकारी रुग्णालयांत रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवायचं काम नातेवाइकांवर येतं. डॉक्टर रक्त घेतात, छोट्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्यांत भरतात (वॉर्डात त्यांना बल्बच म्हणतात) आणि फॉर्मसह तुमच्या हातात देतात. जांभळ्या टोपणाचा बल्ब हिमोग्लोबिन-पेशींसाठी, करड्या टोपणाचा साखरेसाठी, फिक्या निळ्या टोपणाचा रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी. निळा बल्ब खुणेपर्यंत भरलेला नसेल तर लॅब परत पाठवते आणि रुग्णाला पुन्हा टोचावं लागतं.

बल्ब हातात आला की जागेवरच त्यावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक फॉर्मशी जुळवून बघा. वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असणं ही नेहमीची गोष्ट आहे. रक्तपेढीत पाठवायच्या बल्बबाबत तर हे दोनदा बघा. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर जिवावर बेततं. रक्ताची पिशवी लावताना सिस्टर किंवा डॉक्टर पिशवीवरचं नाव आणि गट वाचतात, तेव्हा तुम्हीही शेजारी उभे राहून ऐका. रक्त चढत असताना रुग्णाला थंडी वाजली, अंगावर गांध्या उठल्या, पाठीत किंवा छातीत दुखायला लागलं, तर लगेच हाक मारा. ‘थोडी थंडी वाजतेय, होईल बंद’ असं म्हणून पांघरूण घालून बसू नका.

बल्ब नेऊन दिल्यावर रिपोर्ट कधी आणि कुठे मिळणार ते खिडकीवरच विचारा. आलेला रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग फोल्डरमध्ये ठेवा.

पैसे, योजना आणि बाहेरची चिठ्ठी

ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. तिथल्या सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे आणि मुंबईतली के.ई.एम.सारखी रुग्णालयं महापालिकेकडे आहेत, म्हणून तिथे केसपेपर, स्कॅन, काही तपासण्या यांचे माफक पैसे पडतात. ‘आमच्या जिल्ह्यात फुकट होतं, इथे का घेता’ असं खिडकीवर भांडून काही हाती लागत नाही.

मोठा खर्च असतो तो ऑपरेशनचा, स्टेंटचा (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचा), हाडात घालायच्या सळीचा, कर्करोगाच्या औषधांचा. त्यासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डापुरती होती, आता पांढरं कार्डही चालतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसलेला असतो. भरती झाल्याच्या दिवशीच त्याला गाठा. रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र दाखवा, ‘आमचा आजार योजनेत बसतो का’ ते विचारा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून दिले तरी चालतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. घाई झाली म्हणून तुम्ही बाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशांनी सळी किंवा स्टेंट आणला, तर ते पैसे परत मिळणं फार अवघड होऊन बसतं. डॉक्टरांनी सामानाची चिठ्ठी दिली की ती घेऊन आधी आरोग्यमित्राकडे जा, मेडिकलमध्ये नंतर. रेशन कार्डावर रुग्णाचं नाव नसणं हे अडचणीचं नेहमीचं कारण आहे, विशेषतः नव्या सुनेच्या किंवा लहान मुलाच्या बाबतीत. हे गावातूनच तपासून निघालात तर तहसील कचेरीची फेरी वाचते.

योजनेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी ‘बाहेरची चिठ्ठी’ येते. ती घेतल्यावर विचारायला संकोच करू नका: हे औषध आपल्या रुग्णालयाच्या औषधालयात आहे का? याच्या बदल्यात इथे मिळणारं काही चालेल का? जनऔषधी दुकानातून आणलं तर चालेल का? डॉक्टरांना राग येत नाही, कित्येकदा ते चिठ्ठी बदलून देतात. बिल जपून ठेवा आणि न फोडलेली औषधं परत घेतात का ते दुकानात आधीच विचारा.

तरीही पैसे कमी पडले तर वैद्यकीय समाजसेवकांचं ऑफिस शोधा. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात ते असतं, आणि गावाकडच्या माणसांना त्याचा पत्ताच नसतो याची मला फार खंत वाटते. गरीब रुग्णांसाठीचा निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यासाची मदत, मुख्यमंत्री सहाय्यता निधी यांचे अर्ज तिथून होतात. डॉक्टरांनी लिहिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि रेशन कार्ड एवढं लागतं. उत्पन्नाचा दाखला ताजा हवा, म्हणून निघतानाच काढून आणा.

सरकारीत बेड नसेल आणि खासगीकडे जावं लागलं, तर ते रुग्णालय धर्मादाय आहे का ते बघा. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत दर १०० पैकी १० खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही. ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झाली. भरती होतानाच ‘आम्हाला या योजनेत घ्या’ असं लेखी द्या, बिल झाल्यावर नव्हे.

सही करण्याआधी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री कधीतरी एक रेसिडेंट कागद घेऊन येतो आणि ‘इथे सही करा’ म्हणतो. दमलेला असतो, घाईत असतो. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यात कागद बहुतेक छापील. अशा वेळी लोक न वाचता अंगठा उठवतात. तसं करू नका. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर संमती त्याची स्वतःची लागते, मुलाने परस्पर सही करून भागत नाही. विचारा: ऑपरेशनचं नाव काय, कुठल्या बाजूला, भूल पूर्ण की कमरेत, रक्त लागेल का, नाही केलं तर काय होईल, दुसरा काही इलाज आहे का. ‘तपासणीसाठी’ घेतलेल्या संमतीवर मोठं ऑपरेशन उरकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. बाजू वहीत लिहून ठेवा, आणि सकाळी रुग्णाच्या अंगावर खूण केली असेल तर ती त्याच बाजूला आहे ना ते बघा.

ऑपरेशनचा दिवस

उपाशी राहायला सांगतात त्यामागे कारण आहे. भुलीत उलटी झाली तर पोटातलं फुप्फुसात जातं. साधारणपणे अन्न सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात, पण तुमच्या रुग्णासाठी भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं. ‘एवढासा चहा’ चालत नाही, दुधाचा चहा अन्नातच मोडतो. चुकून काही पोटात गेलंच तर लपवू नका. ऑपरेशन पुढे जाईल, एवढंच. बीपीची गोळी घ्यायची की नाही हे मात्र विचारा, कित्येकदा ती घोटभर पाण्याबरोबर द्यायची असते.

थिएटरमध्ये जाताना कवळी, चष्मा, नखांचा रंग, बांगड्या, अंगठी, जोडवी सगळं उतरवावं लागतं. नखांच्या रंगामुळे बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं, आणि ऑपरेशनच्या विजेच्या उपकरणामुळे धातूच्या जागी भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र काढायला आपल्या बायका फार कचरतात. साताऱ्याकडच्या एका काकूंनी तर नवरा बाहेर उभा असताना मंगळसूत्र काढायचंच नाही म्हणून हट्ट धरला होता. वॉर्डातल्या मावशींनी कुठूनतरी हळकुंड आणलं, पांढऱ्या दोऱ्याला हळद लावली, त्यात ते बांधलं आणि काकूंच्या गळ्यात घातलं. मंगळसूत्र नवऱ्याच्या खिशात गेलं आणि ट्रॉली हलली. घरातली बाई ऑपरेशनला येणार असेल तर हळकुंड आणि दोरा सामानातच ठेवा, त्या घटकेला तिला त्याचा मोठा आधार असतो.

बाहेर थांबलेल्यांपैकी एकाने थिएटरच्या दारापासून हलायचं नाही. आतून हाक येते ती औषधासाठी, रक्तासाठी किंवा काढलेली गाठ दाखवण्यासाठी. गाठ तपासणीला पाठवतात तेव्हा बरणीवरचं नाव आणि फॉर्म तुम्हीच बघून घ्या.

जवळ थांबणाऱ्याचं काम

सरकारी वॉर्डात एका सिस्टरकडे फार खाटा असतात. त्या दुर्लक्ष करत नाहीत, पण दर तासाला येऊ शकत नाहीत. म्हणून तुमची नजर महत्त्वाची. सलाईनची जागा सुजली, लाल झाली किंवा दुखायला लागली तर सांगा, सुई बदलावी लागते. सलाईनचा वेग स्वतः वाढवू नका, लवकर संपवून मोकळं व्हावं म्हणून बरेच जण चाक फिरवतात आणि हृदयाच्या रुग्णाला त्याने धाप लागते. लघवीची पिशवी जमिनीवर ठेवू नका आणि खाटेपेक्षा वर उचलू नका. किती पाणी पोटात गेलं आणि किती लघवी झाली हे विचारतात, तेव्हा ‘झाली की बरीच’ या उत्तराचा उपयोग नसतो. मापाचं भांडं घ्या, वेळ आणि मिलिलिटर लिहा.

झोपून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा, कोपरं रोज बघा. कातडी लाल पडली आणि दाबल्यावरही लालच राहिली, की शय्याव्रणाची सुरुवात झाली समजा आणि लगेच सांगा. उलट ज्याला उठायला सांगितलंय त्याला उठवा. ‘ऑपरेशन झालंय, पडून राहू दे’ ही माया महागात पडते. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साचतो. मात्र रात्री लघवीला एकट्याने जाऊ देऊ नका, वॉर्डात पडण्याचे प्रकार बहुतेक त्याच वेळी होतात.

तीन रंगीत चेंडूंचं एक छोटं प्लास्टिकचं यंत्र देतात. जवळजवळ प्रत्येक जण ते फुंकतो. ते फुंकायचं नसतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर जातात, क्षणभर तसेच धरायचे आणि मग श्वास सोडायचा. जागेपणी तासाला दहा वेळा. टाके दुखत असतील तर पोटावर उशी दाबून धरून करायला सांगा.

जेवण रुग्णालयातून मिळतं, साधं आणि कमी तिखट. डबा आणायचा तर आधी विचारा. मधुमेह, मूत्रपिंड, पोटाचं ऑपरेशन यांत नारळपाणी आणि फळंही प्रत्येकाला चालत नाहीत. दुसऱ्या रुग्णाच्या खाटेवर बसू नका, हात धुऊनच रुग्णाला हात लावा, लहान मुलांना वॉर्डात आणू नका. भेटायची वेळ बहुधा संध्याकाळी असते. सगळ्या भावकीने एकाच दिवशी येण्यापेक्षा वार वाटून घ्या, आणि येणाऱ्याने फळांची पिशवी आणण्यापेक्षा एक रात्र थांबावं. जवळच्या माणसाला झोप मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे.

राहण्यासाठी परळ-दादर भागात संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समिती यांचा हजारो कुटुंबांना आधार मिळाला आहे. तिथे रुग्णालयाचे कागद लागतात आणि जागा भरलेली असू शकते, त्यामुळे समाजसेवकांचं पत्र घेऊन लवकर जा.

काही खटकलं तर

आधी रेसिडेंट, मग इन्चार्ज सिस्टर, मग युनिटचे सर, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर अधीक्षक किंवा अधिष्ठाता (डीन) यांच्याकडे लेखी अर्ज. अर्जाची पोच घ्या. आवाज चढवून, गर्दी जमवून काम लवकर होतं असं वाटतं, पण होतं उलटंच. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हात उचलणं हा राज्याच्या २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आणि उपचारांच्या कागदांच्या प्रती मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. प्रतींसाठी रेकॉर्ड विभागात अर्ज करावा लागतो.

डॉक्टर नको म्हणत असताना रुग्णाला घरी न्यायचा असेल, तर ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही घेतात. ती सही केली म्हणून पुन्हा दार बंद होत नाही. त्रास वाढला तर परत या. पण पैसे संपले एवढ्याच कारणाने नेत असाल, तर सही करण्याआधी समाजसेवकांना एकदा भेटाच.

डिस्चार्ज

सकाळी राउंडला ‘उद्या सोडू’ म्हणाले, तरी डिस्चार्ज कार्ड हातात यायला दुपार उलटते. एस.टी.चं तिकीट संध्याकाळचं काढा. कार्ड मिळालं की वॉर्ड सोडण्याआधी रेसिडेंटसमोर बसून वाचा. नाव, वय, आजार, ऑपरेशनचं नाव आणि तारीख, रक्त चढवलं असेल तर त्याची नोंद. औषधं कुठली, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, आणि आधीच्या बीपी-साखरेच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बदलल्या. टाके कधी काढायचे, ते गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले तर चालेल का. परत कुठल्या वारी यायचं. योजनेतून उपचार झाले असतील तर घरी गेल्यावर पहिले काही दिवस लागणाऱ्या औषधांची सोय पॅकेजमध्येच असते, आरोग्यमित्राला विचारून ती घेऊनच निघा. एक्स-रे, सीटीच्या फिल्म आणि कामावर द्यायचा दाखलाही त्याच दिवशी मागा, नंतर त्यासाठी पुन्हा यावं लागतं.

आणि गाठीचा रिपोर्ट. काढलेल्या गाठीचा किंवा तुकड्याचा तपासणी अहवाल यायला दिवस लागतात, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. टाके सुकलेले असतात, दुखणं गेलेलं असतं, आणि रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहतो. त्यात कर्करोग निघाला असेल तर ते महिने परत मिळत नाहीत. कार्डावर रिपोर्टचा नंबर आणि मिळण्याची तारीख लिहून घ्या, आणि त्या तारखेला घरातल्या कुणीतरी एकाने मुंबईला किंवा पुण्याला जाऊन तो आणायचाच, युनिटच्या वारी सरांना दाखवायचाच, हे निघण्याआधी ठरवून टाका.

घरी गेल्यावर ताप चढला, जखमेतून पू किंवा रक्त आलं, पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली, श्वास लागला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर पुढच्या ओपीडीच्या वाराची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या सरकारी रुग्णालयात जा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.